खुर्चीवरची उपजीविका आणि कमरेचा घेर

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांना वाहतूक खात्याकडून गणवेश मिळत असत आणि त्यांच्या विजारी ज्या मापांनी शिवल्या जात, त्या मापांची नोंद खात्याच्या दप्तरात वर्षानुवर्षे पडून होती. जेरी मॉरिस ह्या वैद्यकसंशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ही निरुपद्रवी दिसणारी नोंद तपासून १९५६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की, दिवसभर चाकाशी बसून राहणाऱ्या चालकाची कंबर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटे देणाऱ्या वाहकाच्या कमरेहून, कोणताही वयोगट घेतला तरी, मोठीच भरते. त्यापूर्वी तीन वर्षे, म्हणजे १९५३ साली, ह्याच मंडळींनी चालकांत हृद्रोगाचे प्रमाण वाहकांपेक्षा अधिक असल्याचे दाखवून दिले होते. बैठ्या कामाविरुद्ध दाखल झालेली आधुनिक काळातील पहिली सप्रमाण फिर्याद म्हणून ह्या लेखांचा उल्लेख नेहमी होतो; मात्र विजारींच्या नोंदीतच फिर्यादीला अडचणीत आणणारा एक मजकूरही होता, त्याकडे सहसा कोणी लक्ष वेधीत नाही. अगदी तरुण वयोगटातील, म्हणजे ज्यांना चाकाशी बसून फार काळ लोटला असणे संभवत नाही अशा चालकांच्या विजारीही वाहकांच्या विजारींपेक्षा रुंद होत्या. तेव्हा खुर्चीने माणसास स्थूल केले, की स्थूलतेकडे मुळातच कल असलेल्या माणसाने खुर्ची पसंत केली, हा प्रश्न त्याच वेळी उपस्थित झाला, आणि पुढील सत्तर वर्षांत जमलेला पुरावा पाहता त्याचा फैसला वाटतो तितका सरळ झालेला नाही.

बैठ्या माणसाच्या शरीराविषयीची चिंता अर्थातच ह्याहून पुष्कळ जुनी आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी ह्याने निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर १७०० साली जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांनाही स्वतंत्र प्रकरण मिळाले असून, अखंड बसणे, हाताची एकाच प्रकारची हालचाल आणि मनावरील ताण ही त्यांच्या व्याधींची कारणे म्हणून त्याने नोंदविली आहेत. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांचीही निर्भर्त्सना आढळते आणि स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप ह्यांच्या पंक्तीस चिंतेचा अभावही बसविलेला दिसतो. इतकेच नव्हे, तर उपाय म्हणून व्यायामाबरोबर जागरण आणि चिंता हीही क्रमाक्रमाने वाढवावीत असे सांगितले आहे. महिनाअखेरची विवरणपत्रे तुंबलेल्या आजच्या कारकुनास ह्या शेवटच्या दोन औषधांचा पुरवठा मुबलक होत असूनही त्याचे पोट उतरत नाही, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते असे आजचे निद्रातज्ज्ञ सांगतात, त्यामुळे ह्या बाबतीत आचार्यांचा सल्ला मानवेल असे वाटत नाही. परंतु त्याच ठिकाणी स्थूल माणसास पचावयास जड, तरीही पुष्टी न देणारे अन्न द्यावे असे जे तत्त्व मांडले आहे आणि त्यासाठी जव, मूग, कुळीथ अशी जी धान्ये सांगितली आहेत, त्यांत चोथा व प्रथिने ह्यांनी भूक भागविण्याची आजची कल्पना पुष्कळ अंशी आलेली आहे.

मॉरिस विजारी मोजीत होता, त्याच १९५६ साली, आपल्या दृष्टीने अधिक जवळचा असा एक पुरावा बंगालमधून आला. जाँ मेयर ह्या पोषणशास्त्रज्ञाने रॉय व मित्र ह्या सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील माणसांचा आहार, वजन आणि श्रम ह्यांची सांगड घालून पाहिली. गिरणीच्या आवारात दिवसभर दुकान मांडून बसणारे, देखरेख करणारे, कारकून, यंत्रावरील कामगार आणि गासड्या वाहणारे, अशी श्रमांची चढती भाजणी तेथे एकाच ठिकाणी उपलब्ध होती. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जाताना श्रम वाढतील तसतसा आहार वाढतो आणि वजन मात्र जवळजवळ स्थिर राहते, हे अपेक्षेप्रमाणेच दिसले. चकित करणारी गोष्ट भाजणीच्या खालच्या टोकास होती. जे सर्वांत कमी हलत होते ते सर्वांत कमी खात असतील असे वाटावे, तर ते हलके काम करणाऱ्यांपेक्षाही अधिक खात होते, आणि वजनही त्यांचेच अधिक होते. ह्यावरून मेयरने असा तर्क मांडला की, भुकेचे नियमन करणारी शरीरातील यंत्रणा हालचालीच्या एका विशिष्ट मर्यादेच्या वरच चोख काम करते; त्या मर्यादेखाली उतरलेल्या माणसाची भूक त्याच्या गरजेशी इमान राखीत नाही. ह्या पाहणीतील काही गट लहान होते आणि माणसाने काय खाल्ले हे विचारून काढणे कोणत्याही काळी बेभरवशाचेच असते, हे मान्य केले तरी, खुर्चीवरील खरा आरोप कोणता असावा ह्याची दिशा मला ह्याच अभ्यासात सर्वांत स्पष्ट दिसते. खुर्ची आपले उष्मांक वाचविते ही तक्रार गौण आहे. ती आपल्या भुकेचा हिशेब बिघडविते, ही मुख्य तक्रार होय.

गौण का, ते आकड्यांनी पाहावे. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात असे धरतात. सत्तर किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने तासभर चालला, तर तोच तास खुर्चीत घालविण्याच्या तुलनेत तो फार तर १७५ ते २०० उष्मांक अधिक खर्च करतो, आणि कचेरीच्या दारातील गाडीवरचा एक वडापाव अडीचशे ते तीनशे उष्मांकांचा असतो. अलीकडे परदेशी कंपन्यांच्या अनुकरणाने पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतही जी उंच होणारी मेजे आली आहेत, त्यांच्यापाशी सहा तास बसण्याऐवजी उभे राहिल्यास साधारण ५४ उष्मांक जास्त जळतात, असे त्या विषयावरील अनेक प्रयोग एकत्र करून २०१८ साली काढलेले अनुमान आहे. म्हणजे पाठीच्या आरामासाठी असे मेज कोणी घेत असेल तर हरकत नाही, परंतु पोटासाठी घेत असेल तर पैसे पाण्यात गेले असे समजण्यास प्रत्यवाय नाही. अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत कामाच्या ठिकाणी होणारा शारीरिक खर्च दरडोई दररोज शंभराहून अधिक उष्मांकांनी घटला, असा अंदाज २०११ साली मांडण्यात आला. शंभर उष्मांक म्हणजे साखरेचे पाच-सहा चमचे. वर्षानुवर्षे साचत गेले तर ते थोडे नव्हेत, हे खरे, पण व्यायामशाळेची वर्षाची फी भरून दुसऱ्या महिन्यात तेथे जाणे तहकूब करणाऱ्या मनुष्यास वजन न उतरल्याचे जे नवल वाटते, ते मात्र ह्या हिशेबानंतर वाटू नये.

ह्या विषयात सर्वांत कुतूहल जागृत करणारे काम अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन ह्यांनी केले. १९९९ साली त्यांनी सोळा माणसांना आठ आठवडे दररोज गरजेपेक्षा एक हजार उष्मांक जास्त खाऊ घातले; एकाच्या अंगावर चढलेला मेद अर्धा किलोही भरला नाही आणि दुसऱ्याच्या अंगावर चार किलोंहून अधिक चढला. हा फरक पडला तो ठरवून केलेल्या व्यायामाने नव्हे, तर उठणे, येरझारा घालणे, चुळबुळ करणे अशा अजाणता होणाऱ्या हालचालींनी. पुढे २००५ साली त्यांनी असेही दाखविले की, स्थूल माणसे सडपातळ माणसांपेक्षा दिवसाकाठी सुमारे दोन तास अधिक बसतात; आणि गंमत अशी की, स्थूलांचे वजन उतरविले आणि सडपातळांचे वाढविले, तरी ज्याची त्याची बसण्याची सवय बदलली नाही. लंडनच्या तरुण चालकांच्या विजारींना येथे एक साक्षीदार मिळतो. ह्याच्या उलट बाजूस, टांझानियातील हाड्झा लोकांचा, जे अजूनही शिकार करून आणि कंदमुळे खणून निर्वाह करतात त्यांचा, दैनंदिन उष्मांकखर्च हर्मन पॉन्ट्झर ह्यांनी मोजला, तेव्हा शरीराच्या आकाराचा फरक वजा जाता तो पाश्चात्त्य शहरवासीयांच्या खर्चाइतकाच भरला (२०१२). अधिक चालणारे शरीर अन्य कोठे तरी काटकसर करून जमाखर्च मिळविते, असा ह्याचा अर्थ लावला जातो. ह्या दोन मतांत अजून तडजोड झालेली नाही. परंतु केवळ चालून कोणी कारकून दहा किलोंनी उतरेल असे म्हणण्यास दोन्ही पक्ष धजत नाहीत.

तेव्हा प्रश्न तोंडाशी येऊन थांबतो, आणि कचेरीतील तोंड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. घरून आणलेला डबा बहुधा निर्दोष असतो. दोन पोळ्या, भाजी, थोडा भात, कधी चटणी, ह्यांनी कोणाचे फारसे बिघडत नाही. बिघाड होतो तो डब्याच्या दोन्ही अंगांना. आल्याबरोबर एक चहा, साडेअकराला एक, जेवणानंतर सुस्ती घालविण्यासाठी एक, आणि चार वाजता जो होतो तो तर चहा नसून समारंभच असतो. दप्तराच्या लोखंडी कपाटावर जुने वर्तमानपत्र पसरले जाते, कोणाच्या बदलीचे, कोणाच्या पदोन्नतीचे, कोणाच्या मुलीच्या निकालाचे पेढे उघडतात, शेजारच्या शाखेतून फरसाणाची पुडी येते, आणि ज्याने पाऊण तासापूर्वी मनाशी काही संकल्प केलेला असतो तो 'अहो, एवढ्याने काय होतंय, घ्या की!' ह्या वाक्यापुढे हतबल होऊन हात पुढे करतो. नकार देणे म्हणजे आनंदात सहभागी न होणे, असा शिरस्ता असल्यामुळे हे खाणे भुकेचे नसते, ते सौजन्याचे असते. दोन चमचे साखर आणि म्हशीचे दूध घातलेल्या लहान कपाचे ७०-८० उष्मांक धरले, तरी चार कपांचे तीनशे होतात, आणि पेढे-फरसाण धरून हा वरकड आहार एका जेवणाच्या बरोबरीस जातो. आश्चर्य हे की, 'दिवसभरात काय खाल्लेत?' असे डॉक्टरांनी विचारले असता त्यांतील एकही पदार्थ जबानीत येत नाही. हिंजवडीतील काचेच्या इमारतीत फरसाणाची जागा बिस्किटांनी व यंत्रातल्या कॉफीने घेतली आहे आणि पेढ्यांची वाढदिवसाच्या केकने, एवढाच काय तो भेद. कारखान्यात तयार झालेल्या अशा पदार्थांविषयी केव्हिन हॉल ह्यांनी २०१९ साली केलेला प्रयोग बोलका आहे: वीस माणसांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचे अन्न हवे तितके खाऊ दिले, दोहोंत साखर, मेद, चोथा इत्यादींचे प्रमाण सारखे ठेवले, तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना ती दररोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊन गेली.

वजन किती असावे, ह्याविषयीही आपल्याकडे एक वेगळा पेच आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय हा अंक केतले ह्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सुचविला, तो माणसांच्या समूहांचे वर्णन करण्यासाठी, एकेकाचा निवाडा करण्यासाठी नव्हे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपले शेजारीशेजारी काढलेले छायाचित्र छापले. दोघांचाही हा अंक २२.३, म्हणजे पाश्चात्त्य कोष्टकाप्रमाणे दोघेही निर्दोष, परंतु युडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक हातापायांचा, पुढे आलेल्या पोटाचा, सदऱ्याच्या शेवटच्या दोन गुंड्या ताणलेला जो मध्यमवर्गीय गृहस्थ आपण रोज लोकलमध्ये पाहतो, त्याला ह्या छायाचित्राने शास्त्रात जागा मिळवून दिली. भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हावे आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा, हा दंडकही शरीररचनेच्या ह्याच भेदावर आधारलेला आहे. २५ हीच मर्यादा धरणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष अतिवजनदार ठरले. ज्याचे पोटच तेवढे सुटले आहे असा मनुष्य त्या मोजणीत निर्दोष सुटतो. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत आपल्या लोकांना अधिक खरे सांगते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याच कारणाने मला चेन्नईतील अभ्यास ह्या संपूर्ण वाङ्मयात सर्वांत मोलाचा वाटतो. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांचे गट करून एका गटास आहार व चालणे ह्यांविषयी सतत मार्गदर्शन केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसत्या सामान्य सल्ल्यावर सोडलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के माणसांस मधुमेह झाला, तर मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३९ टक्क्यांस. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे उतरले नव्हते. चालण्यास वजनाचा दास करून त्याचा पगार काट्यावर मागणे किती अन्यायाचे आहे, हे ह्यावरून दिसते. दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे चालले, तर जेवणानंतर वाढणारी रक्तशर्करा आणि इन्सुलिन ही दोन्ही लक्षणीय कमी राहतात, असे ऑस्ट्रेलियातील डेव्हिड डन्स्टन ह्यांनी २०१२ साली दाखविले. आणि २०१६ सालच्या एका विश्लेषणात, ज्यात दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केलेली होती, दिवसाकाठी साठ ते पंच्याहत्तर मिनिटांची मध्यम हालचाल आठ तासांच्या बैठकीने वाढलेला मृत्यूचा धोका जवळजवळ पुसून टाकते, असे आढळले. आहार आणि हालचाल ही दोन वेगळी खाती आहेत: पहिले कमरेचा घेर उतरविते, दुसरे तो पुन्हा वाढू देत नाही आणि मधल्या काळात रक्त, हृदय व स्नायू सांभाळते. एका खात्यातील तूट दुसऱ्यातील शिलकेने भरून काढण्याची लेखापरीक्षणात मान्य न होणारी युक्ती बहुतेक सर्व बैठी माणसे करीत असतात.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत जे सार्वजनिक रूप घेतले, ते अन्यत्र क्वचितच दिसेल. डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या विचारांचा आधार घेऊन लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि जोडीस पंचेचाळीस मिनिटे चालावे, असा जो उपदेश केला, त्याने नाट्यगृहे भरली, आणि दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खा असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर ह्यांच्या अनुयायांशी घरोघरी वाद रंगले. ह्या उपदेशामागील इन्सुलिनविषयीची सूक्ष्म उपपत्ती बाजूस ठेवली, तरी दीक्षितांच्या पद्धतीचे व्यावहारिक मर्म कचेरीच्या दृष्टीने फार मोठे आहे: चार वाजताच्या पेढ्यास 'माझं दोन वेळचं आहे' असे सर्वमान्य, कोणाचाही अपमान न करणारे उत्तर तिने उपलब्ध करून दिले. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल माणसांवर वर्षभर झालेल्या प्रयोगात (२०२२) उष्मांक सारखेच कमी केलेल्या दोन गटांपैकी ज्यांनी ते ठराविक आठ तासांतच खाल्ले त्यांचे सरासरी आठ किलो, आणि ज्यांनी वेळेचे बंधन पाळले नाही त्यांचे सहा किलोंहून थोडे अधिक वजन उतरले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता. घड्याळात जादू नाही; घड्याळामुळे नाही म्हणणे सोपे होते, हेच त्याचे श्रेय आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर पुरस्कार केला, त्यांचेही तसेच: जागा सतरंजीएवढी, खर्च शून्य, आणि पाऊस पडतो ही सबब चालत नाही.

ह्या सर्व खटाटोपास बगल देणारी औषधे आता आली आहेत. सेमाग्लुटाइड ह्या आठवड्यातून एकदा टोचावयाच्या औषधाने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले, तिर्झेपटाइडने त्याहूनही अधिक, आणि २०२५ साली ही दोन्ही वजनासाठी म्हणून भारताच्या बाजारात रीतसर दाखल झाली. ती काम करतात ती भुकेवर, हालचालीवर नव्हे, ही गोष्ट मेयरच्या ताग गिरणीतील तर्काशी जुळणारी आहे. त्यांच्याविषयी नाक मुरडण्याचे कारण मला दिसत नाही; ज्यास मधुमेह आहे, ज्याचे गुडघे गेले आहेत, त्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा लाभ अवश्य व्हावा. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत चढते, आणि मेदाबरोबर स्नायूही झिजतात. तेव्हा दिवाळीनंतरच्या एखाद्या लग्नासाठी सहा महिने टोचून घेण्याचा जो विचार काहींच्या मनात येतो, तो महागडा तसाच निष्फळ आहे.

येथे एका पक्षपाताची नोंद केली पाहिजे. 'पहाटे उठून तासभर चाला' हा सल्ला ज्या सहजतेने दिला जातो, त्यात ऐकणारा पुरुष आहे असे गृहीत धरलेले असते. पाच वाजता उठून तीन डबे भरणारी, बदलापूरहून किंवा विरारहून गाडीत उभ्याने येणारी, आठ तास संगणकापुढे बसणारी आणि परतताना भाजी निवडतच घरी पोहोचणारी स्त्री दिवसाचा कोणता तास ह्यासाठी वेगळा काढणार, ह्याचे उत्तर आहारतज्ज्ञांपाशी नसते. तिच्या बाबतीत हालचाल कामाच्या वेळेतच बसविल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि कामाची वेळ तिच्या ताब्यात नसून कचेरीच्या ताब्यात असते.

कचेरीने ह्यात लक्ष घालावे असे सरकारासही वाटू लागले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ साली निरनिराळ्या मंत्रालयांस व खात्यांस पत्र पाठवून, पदार्थांतील तेल व साखर ह्यांचे प्रमाण दाखविणारे फलक कार्यालयांत लावावेत असे सुचविले. वर्तमानपत्रांनी त्याचे 'समोशावर इशारा' असे भाषांतर केले, त्यात नागपूरच्या एम्सचे नाव गाजले, आणि विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा छापावयाचा नाही असा खुलासा करण्याची पाळी शासनावर आली. त्याच पत्रात सरकारी पत्रव्यवहाराच्या कागदांवर व पाकिटांवर आरोग्याचा संदेश छापावा अशीही सूचना आहे. तो संदेश वाचणारा ज्या आसनावर बसून तो वाचील, ते आसन त्याने सोडावे अशी अपेक्षा असल्यास ही कागदी योजना कितपत उपयोगी पडेल, ह्याविषयी मी साशंक आहे. ज्या भागावर कोणी बातमी केली नाही तो अधिक कामाचा होता: उपाहारगृहात फळे व भाज्या मिळाव्यात, कामात व्यायामासाठी लहान विराम असावेत, लोकांनी जिना वापरावा. ह्यांपैकी उपाहारगृहाच्या ठेक्यात चार वाजताच्या तबकात भजी-फरसाणाऐवजी भाजलेले चणे व फळे द्यावीत आणि चहात साखर न घालता ती वेगळी ठेवावी, एवढी दोन कलमे घालणे कोणत्याही कार्यालयप्रमुखाच्या अधिकारात आहे. बैठक तासाहून अधिक लांबल्यास मधे पाच मिनिटे सर्वांनी उठावे, ह्यासही वित्त विभागाची संमती लागत नाही. जिन्याची गोष्ट थोडी कठीण, कारण आपल्याकडील अनेक कचेऱ्यांत तो लिफ्टच्या मागे, अंधारात, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या दप्तरांच्या गठ्ठ्यांनी अडविलेला आढळतो. तो मोकळा करून तेथे दिवा लावण्यासाठी मात्र स्थूलतेविषयीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही, अग्निशमनाचे नियम तेच सांगत आले आहेत.